पांगळ्यांची वाट

पंढरपूरची वाट महाराष्ट्राला पायांनीं ठाऊक आहे. वारकरी ती चालून जातो, आणि चालणें हीच त्याची पूजा असते. ज्याचे पाय चालत नाहींत त्याची या वाटेवर जागा कोठें, हा प्रश्न आपल्या संतांच्या नजरेंतून निसटला होता असें नाहीं. ज्ञानेश्वरांच्या आणि एकनाथांच्या रचनांत पांगुळ येतो. भल्या पहांटे दानधर्माची आठवण करून देत फिरणारा पांगुळ नांवाचा भिक्षेकरी तर लोकजीवनांतलाच. परंतु रूपकांतला पांगुळ आणि रस्त्याच्या कडेला बसलेला पांगळा यांच्यांत फार अंतर आहे. पहिल्याच्या हातीं परमार्थाची काठी आली. दुसऱ्याच्या वांट्यास आली ती लांकडाची एक फळी, तिच्याखालीं बसविलेलीं चार लहान चाकें, आणि दोरी धरून ती ओढणारें घरचें एखादें पोर.

या फळीला आपल्याकडील चाकांच्या खुर्चीची आजी म्हटलें तरी चालेल. फळीपासून खुर्चीपर्यंतचें अंतर कारागिराच्या दृष्टीनें फार नाहीं. परंतु तें तोडावयास आपल्या समाजाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि त्यांतला बराचसा प्रवास ख्रिस्ती मिशनांच्या आवारांतून झाला. त्या प्रवासाची हकीकत सोलापुरापासून सांगावयास घेणें सोयीचें आहे. दुष्काळ, माग, यात्रा आणि आगगाडी या चारहि गोष्टी या जिल्ह्यांत एकत्र आल्या आहेत, आणि पांगळ्या माणसाचें नशीब या चारांशींच बांधलेलें होतें.

आगगाडी सोलापुरास १८६० सालीं आली. तिच्या मागोमाग, त्याच दशकांत, अमेरिकन मराठी मिशननें येथें आपलें ठाणें केलें. या मिशनचे पहिले पाद्री १८१३ सालीं मुंबईस उतरले होते, आणि १८३१ पासून अहमदनगर हें त्यांचें देशावरील मोठें केंद्र होतें. ते आले उपदेश करावयास. येथें त्यांना भेटला दुष्काळ. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा तीन दुष्काळांनीं चोवीस वर्षांच्या आंत नगर-सोलापूर भागाची दैना केली. सरकारी दुष्काळी कामांचा नियम सरळ होता : जो खडी फोडील, माती वाहील, त्याला मजुरी. ज्याच्यानें तें होत नसे त्याच्यासाठीं सरकारी अन्नछत्र किंवा अनाथगृह असे. परंतु तेथपर्यंत पोंचावयास तरी पाय हवेत. दुष्काळांत धडधाकट माणसें गांव सोडून जात, आणि आंधळें, लुळें, म्हातारें माणूस मागें राही. दुष्काळाच्या इतिहासांत मेलेल्यांचे आंकडे सांपडतात. अशा मागें राहिलेल्यांची वेगळी मोजदाद कोणी ठेवली नाहीं.

मिशनच्या बोर्डिंगांत या दुष्काळांनंतर अनाथ मुलें येऊं लागलीं. अर्धपोटीं राहिलेल्या मुलांचे डोळे कां जातात याचें शास्त्रीय कारण, म्हणजे अन्नांतील ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव, पुढें विसाव्या शतकांत कळलें. देवीच्या रोगानें डोळे जातात हें मात्र सर्वांस ठाऊक होतें. छपनियाच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या शेवटच्या दुष्काळाच्या वर्षीं, १९०० सालीं, याच अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं मुंबईस अंधांसाठीं शाळा काढली. दादरची अंधशाळा ती हीच. तिच्या आधीं, १८८५ च्या सुमारास, रोमन कॅथॉलिक बिशप लिओ म्यूरिन यांनीं मुंबईस मुक्याबहिऱ्यांची शाळा सुरू केली होती. बोटांनीं वाचावयाचें आणि हातांनीं विणावयाचें शिक्षण आंधळ्याला देतां येतें, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी होती. आंधळ्याला गाणें शिकवावें, एवढीच आपली कल्पना. आणि तीहि पुष्कळदां त्याच्या गळ्यापेक्षां आपल्या पुण्याचा विचार करून.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. अनाथांकडे पाहण्याचें काम केवळ परकीयांनीं केलें असें नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतच, पंढरपुरास, १८७५ सालीं प्रार्थनासमाजाचे लालशंकर उमियाशंकर यांनीं बालकाश्रम स्थापन केला होता. क्षेत्राच्या गांवीं टाकलेल्या मुलांना त्यानें आसरा दिला. परंतु तेथें प्रश्न होता मुलाच्या जन्माचा. ज्याचें अंगच अधू आहे त्याच्यासाठीं आपल्या समाजानें धर्मशाळेची ओसरी आणि देवळाची पायरी यांहून निराळी सोय केली नव्हती. मिशननें ती केली, हें खरें. आणि त्या सोयीबरोबर प्रार्थना आणि उपदेश हेहि येत, हेंहि तितकेंच खरें. दोन्ही बाजूंच्या लोकांनीं या दोन सत्यांपैकीं एकच पाहण्याची संवय लावून घेतली, त्यामुळें या कामाचा निर्विकार इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेला नाहीं.

रोग्याच्या दृष्टीनें खरा फरक पडला तो मिरजेमुळें. विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडांत जन्मलेले डॉक्टर अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ सालीं सांगलीस आले. तेथें दवाखाना चालवून पुढें ते मिरजेस गेले, आणि १८९४ सालीं तेथें हॉस्पिटल उघडलें. त्यासाठीं पैसा दिला तो फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनीं. हे गृहस्थ रेल्वेच्या एंजिनांचे कारखानदार होते. १८९७ सालीं हॉस्पिटलाला जोडून वैद्यकीय शाळा निघाली, आणि तिच्यांतून बाहेर पडलेले डॉक्टर दक्षिण महाराष्ट्रांत पसरले. मोतीबिंदूनें आंधळा झालेला म्हातारा मिरजेस दुसऱ्याचा हात धरून जातो आणि आपल्या पायांनीं परत येतो, ही वार्ता जाहिरातीवांचून गांवोगांव गेली. वानलेस यांना १९२८ सालीं ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ सालीं ते वारले. मिरजेजवळच्या वानलेसवाडीनें त्यांचें नांव राखलें आहे.

सोलापूरकडील माणसाला मात्र मिरज प्रथम दूरच होती. पुण्याकडून वळसा घालून जावें लागे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली, १९०६ मध्यें ती पंढरपुरास पोंचली, आणि १९२७ सालीं पंढरपुराहून मिरजेपर्यंत गेली. यात्रेकरूंसाठीं आणि मालासाठीं घातलेली ही लहानशी लाइन रोग्यांचीहि लाइन झाली. पंढरपुरास नवस फेडावयास आलेला माणूस त्याच रुळांनीं पुढें मिरजेस जाऊं शकत होता. अधू माणसाच्या इतिहासांत देवळाइतकेंच रेल्वेच्या फलाटालाहि स्थान आहे.

या काळांतील मिशनच्या कामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे कुष्ठरोग्यांचे आश्रम. वेलेस्ली बेली हा आयरिश गृहस्थ १८६९ सालीं पंजाबांत अंबाल्यास शिक्षक असतां त्यानें कुष्ठरोग्यांची वस्ती पाहिली, आणि १८७४ सालीं त्यांच्यासाठीं मिशन स्थापन केलें. महाराष्ट्रांत अचलपूरजवळ कोठारा, कोंकणांत पोलादपूर, तसेंच नाशिक आणि मिरज येथें या कार्याचे आश्रम झाले. मुंबईचें माटुंग्याचें आश्रयस्थान मात्र मिशनचें नव्हे. तें १८९० सालीं म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनीं उभारलें. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच. एकाच माणसानें शाहिरांचे शब्द आणि रस्त्यावरचे रोगी या दोन्ही टाकलेल्या गोष्टी गोळा कराव्या, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

या आश्रमांनीं छप्पर दिलें, जेवण दिलें, जखमा धुतल्या. ज्या काळीं सख्खा भाऊ शिवत नव्हता त्या काळीं पाद्र्याची बायको आपल्या हातांनीं पट्टी बांधी. तिच्या हेतूविषयीं कोणी कांहीं म्हणो, पट्टी खरी होती. परंतु छपराबरोबर भिंतहि आली. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयींचा कायदा झाला, आणि तो ज्या भागांत लागू होई तेथें निर्वाहाचें साधन नसलेल्या रोग्याला वॉरंटावांचून पकडून आश्रमांत पाठविण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला. त्याच कायद्यानें सार्वजनिक विहिरीचें पाणी रोग्याला बंद करतां येई, आणि भाड्यानें चालणाऱ्या गाडींत बसण्याचीहि मनाई करतां येई. आगगाडीचा डबा तेवढा वगळला होता. म्हणजे ज्याचे पाय रोगानें झिजले त्याच्याखालचीं चाकेंहि कायद्यानें काढून घेतलीं. आश्रमांत आईबापांपासून निरोगी मुलें वेगळीं ठेवीत. त्या काळच्या वैद्यकशास्त्राला तें आवश्यक वाटलें. त्या आयांना काय वाटलें असेल हें सांगावयास शास्त्राची गरज नाहीं. दयेनें बांधलेलें घर आणि कायद्यानें भरलेला तुरुंग यांची सीमारेषा अशा रीतीनें पुसट झाली. आश्रमाच्या आंत रोगी माणूस जगला. बाहेर जाण्याची वाट मात्र त्याला कोणी दाखविली नाहीं, कारण तो बाहेर जाईल ही कल्पनाच कोणाच्या मनांत नव्हती.

चाकांची खुर्ची त्या काळीं जगांत नव्हती असें मुळींच नाहीं. न्युरेंबर्गचा स्टीफन फार्फ्लर या पांगळ्या घड्याळजीनें १६५५ सालींच हातांनीं फिरवावयाची तीनचाकी गाडी स्वतःसाठीं केली होती. पुढें इंग्लंडांत श्रीमंत रोग्यांसाठीं ढकलावयाच्या खुर्च्या आल्या. आपल्याकडेहि माथेरानसारख्या थंड हवेच्या ठिकाणीं माणसानें माणसाला ओढण्याची रिक्षा होती; ती मात्र बहुधा चालूं शकणाऱ्यांनाच घेऊन धांवे! घडी होणारी, मोटारींत टाकून नेतां येणारी लोखंडी नळ्यांची खुर्ची १९३३ सालीं अमेरिकेंत तयार झाली. खाणींतील अपघातानें अधू झालेला हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज या दोघां एंजिनियरांनीं ती बनविली. फार्फ्लर काय आणि एव्हरेस्ट काय, चाकांची खुर्ची सुधारली ती जो तींत बसणार होता त्यानेंच. देणाऱ्याच्या मनांत ती सुचली नाहीं, बसणाऱ्याच्या मनांत सुचली.

आपल्या देशांत सरकारनें हा प्रश्न हातीं घेतला तो प्रथम शिपायांसाठीं. पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिकांसाठीं क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघालें, १९४४ सालीं पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र झालें. कणा मोडलेल्या जवानांसाठीं खडकीचें निवासस्थान १९७४ सालचें. गिरणींत हात गेलेल्या किंवा झाडावरून पडून कंबर मोडलेल्या माणसाला मात्र या दारांतून सहसा आंत जातां आलें नाहीं.

सोलापुराहून दूर दक्षिणेस, मद्रासेच्या अलीकडे, वेल्लोर आहे. तेथें आयडा स्कडर या मिशनरी बाईंनीं १९०० सालीं सुरू केलेला दवाखाना वाढत जाऊन मोठें वैद्यकीय महाविद्यालय झाला होता. येथेंच १९४६ सालीं पॉल ब्रँड हा तरुण शस्त्रवैद्य आला. त्याचा जन्म तामिळ मुलखांतल्या कोल्ली डोंगरावर, मिशनरी आईबापांच्या पोटीं झालेला. कुष्ठरोगानें बोटें ‘झडतात’ असें सगळे जग मानीत होतें. ब्रँडनें पाहिलें कीं बोटांचें मांस रोगानें कुजत नाहीं. मज्जातंतु मेल्यामुळें वेदना जाते, आणि वेदना गेल्यामुळें माणूस चटका, कांटा, घर्षण यांपासून हात काढून घेत नाहीं. कांहीं रोग्यांचीं बोटें रात्रींत नाहींशीं होत. बारकाईनें पाहतां उलगडा झाला : झोपेंत उंदीर तीं कुरतडीत, आणि रोग्याला जाग येत नसे. त्यावर उपाय म्हणून रोग्यांना मांजरें देण्यांत आलीं. वैद्यकाच्या इतिहासांत मांजराचा असा उल्लेख दुसरीकडे सांपडणें कठीण.

जर हात कुजलेला नाहीं तर तो दुरुस्त होईल, हा या शोधाचा पुढचा पाय. ब्रँडनें चांगल्या स्नायूंची दोरी वळवून आखडलेलीं बोटें सरळ केलीं. आणि मग जें घडलें तें या सगळ्या इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचें आहे. बोटें सरळ झालेले कांहीं रोगी परत येऊन तक्रार करूं लागले कीं हे हात भीक मागावयास चांगले नाहींत! वाकडा हात पाहून पैसा पडे. सरळ हातावर पडत नाहीं, आणि कुष्ठरोग्याला काम तर कोणी देत नाहीं. अर्ध्या उपकारानें माणूस पूर्वीपेक्षां अधिक उघडा पडला. तेव्हां वेल्लोरास ‘नव जीवन निलयम्’ ही वस्ती काढून त्यांना सुतारकीसारखे धंदे शिकविण्यास आरंभ झाला. मऊ रबराच्या तळव्याच्या चपला निघाल्या, कारण बधिर पायाला पहिलें औषध म्हणजे चांगलें पायताण. महाराष्ट्रांतहि ही दिशा दिसूं लागली होती. मनोहर दिवाण यांचें वर्ध्याजवळील दत्तपूर १९३६ सालचें; पुढें अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं आणि वरोऱ्यास बाबा आमटे यांनीं रोग्याच्या हातीं कुदळ आणि माग दिला. मिशनकडून आश्रम घेतला, आणि त्यांतली भिंत तेवढी वगळली, असें या कार्याचें वर्णन करतां येईल.

वेल्लोरांतच ब्रँडच्या सहकाऱ्यांत डॉ. मेरी वर्गीज या कोचीनच्या तरुण बाई होत्या. ३० जानेवारी १९५४ रोजीं मोटारीच्या अपघातांत त्यांचा कणा मोडला, आणि कमरेखालचें अंग कायमचें गेलें. डॉक्टर म्हणून त्यांचें आयुष्य संपलें असें सर्वांस वाटलें. पण हाताची शस्त्रक्रिया बसून करतां येते. चाकांच्या खुर्चींतून त्या शस्त्रक्रियागृहांत गेल्या आणि कुष्ठरोग्यांचे हात दुरुस्त करूं लागल्या. पुढें परदेशीं जाऊन त्यांनीं पुनर्वसनाचें शास्त्र शिकून घेतलें, वेल्लोरास त्याचा विभाग चालविला, आणि १९६६ सालीं तेथें पुनर्वसनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. १९७२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. मिशनच्या आवारांत खुर्ची येणें ही मोठी गोष्ट नव्हे. त्या खुर्चींत रोग्याऐवजीं डॉक्टर बसलेली दिसणें ही मोठी गोष्ट होती.

यानंतरचा टप्पा अगदीं अलीकडचा आहे. डॉन शेंडॉर्फर नांवाच्या अमेरिकन एंजिनियरानें एकदां मोरोक्कोंत एक बाई हातांच्या बळावर मातीच्या रस्त्यावरून सरपटत जातांना पाहिली. तें दृश्य वीस-बावीस वर्षें त्याच्या मनांत राहिलें. मग त्यानें आपल्या घरच्या मोटारखान्यांत बागेंतील साधी पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, तिला लोखंडी सांगाडा आणि डोंगरी सायकलीचीं दोन चाकें लावलीं, आणि २००१ सालीं अशा कांहीं खुर्च्या घेऊन एका वैद्यकीय मिशनबरोबर तो चेन्नईस आला. पहिली खुर्ची मिळाली ती तेथल्या एका मुलाला. त्या वर्षीं स्थापन झालेल्या त्याच्या ‘फ्री व्हीलचेअर मिशन’नें पुढें दहा लाखांहून अधिक खुर्च्या जगांतील गरीब देशांत वांटल्या. स्वस्ताई हें तिचें बळ. फार्फ्लरच्या आणि एव्हरेस्टच्या खुर्च्या एकेका माणसाच्या मापाच्या. ही लाखोंच्या मापाची.

आणि येथेंच ब्रँडचा जुना धडा पुन्हां आठवतो. ज्याचा कणा मोडला आहे त्यालाहि कमरेखालीं वेदना नसते. एकाच मापाच्या कठीण बैठकीवर तो दिवसभर बसला तर त्याच्या मांड्यांखालीं जखम होते, ती त्याला कळत नाहीं, आणि ती चिघळून त्याचा प्राणहि जातो. गरज असलेल्या हातांना खुर्ची द्यावी, छायाचित्र घ्यावें आणि पुढच्या गांवीं जावें, एवढ्यानें काम होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं यासंबंधीं जीं मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं त्यांत खुर्ची देण्याच्या कामाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत : माणूस शोधणें आणि तपासणें यांपासून माप, बसवणूक, शिकवणूक आणि शेवटीं देखभाल व दुरुस्ती यांपर्यंत. शेंडॉर्फरच्या संस्थेनेंहि पुढें निरनिराळ्या मापांच्या, घडी होणाऱ्या आणि बसणाऱ्यागणिक जुळवितां येणाऱ्या खुर्च्या काढल्या. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यानें दिव्यांगांना सार्वजनिक इमारतींत आणि वाहनांत प्रवेशाचा हक्क दिला. १८९८ च्या कायद्याशेजारीं तो ठेवून पाहिला म्हणजे एकशें अठरा वर्षांत काय बदललें तें दिसतें.

सोलापूर भागांत अशी खुर्ची घरांत आली म्हणजे पुढचे प्रश्न मात्र कायद्याचे नसतात. जुन्या धाब्याच्या घराचा उंबरा उंच. मागावर बसावयाचें तर दोन्ही पाय खालच्या पट्ट्या दाबावयास हवेत; पाय गेलेल्या विणकराला कांड्या भरण्याचें काम उरतें, आणि त्यासाठीं घराच्या दुसऱ्या टोंकापर्यंत जातां आलें पाहिजे. पावसाळ्यांत काळ्या मातींत मागचीं मोठीं चाकें कशीं तरी निघतात. पुढचीं लहान चाकें रुततात. सायकलीचें चाक असलें तर पंक्चर मोहोळला, माढ्याला, कोणत्याहि सायकलच्या दुकानांत निघतें. पुढच्या चाकाची बेअरिंग गेली तर ती त्या दुकानांत मिळतेच असें नाहीं, आणि मग खुर्ची कोपऱ्यांत जाऊन तिच्यावर धुतलेलीं लुगडीं वाळूं लागतात.